संवर्धनातील मेंदूपेशी आणि संप्रेरके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, लातूर, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर येथील प्राणिशास्त्र व जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी पुढील प्रश्न नेहमी विचारतात. त्यांतले काही प्रश्न विद्यार्थ्यांचे नसून थायरॉइडची गोळी चालू असलेल्या गरोदर महिलांच्या घरच्यांचे असतात, म्हणून तेही येथे घेतले आहेत. औषधाबाबतचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

मेंदूच्या पेशी शरीराबाहेर वाढवतात (यालाच संवर्धन म्हणतात) म्हणजे नेमके काय करतात?

१९०७ साली अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा लहानसा तुकडा लसीकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून चेतातंतू पुढे सरकत वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चेतातंतू एकाच पेशीतून बाहेर पडतो की अनेक पेशी एकमेकींना जोडून तयार होतो, हा त्या काळातील मोठा वाद होता आणि तो मिटवण्यात या प्रयोगाचा वाटा मोठा आहे.

आज बहुतेक प्रयोगशाळांत रॅटच्या साधारण अठरा दिवसांच्या भ्रूणातून हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग) किंवा मेंदूचे बाह्यक वेगळे काढतात, ट्रिप्सिन किंवा पपेन या विकराने पेशी सुट्या करतात आणि पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या डिशमध्ये सोडतात. डिश ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये राहते. सुरुवातीला पेशी अगदी गोल दिसतात. काही तासांत त्यांच्या कडेने पातळ पडद्यासारखी झालर पसरते आणि अर्ध्या दिवसात तिच्या जागी चार-पाच आखूड, सारख्याच लांबीचे फाटे दिसू लागतात. सुमारे दीड दिवसानंतर त्यांतला एकच फाटा बाकीच्यांना मागे टाकून झपाट्याने लांब होतो. तो अक्षतंतू, म्हणजे पेशीतून संदेश बाहेर नेणारा तंतू असतो. उरलेल्या फाट्यांच्या वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या) होण्यास चौथ्या दिवसाच्या आसपास सुरुवात होते आणि त्यांच्यावरील सूक्ष्म काटे, ज्यांवर बहुतेक उत्तेजक जोडण्या होतात, ते दोन ते तीन आठवड्यांत तयार होतात. हा क्रम डॉटी, सलिव्हन आणि बँकर यांनी १९८८ मध्ये पाच टप्प्यांत मांडला आणि आजही तोच वापरला जातो.

यात संप्रेरकांचा संबंध कोठे येतो?

वर सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावर येतो. पेशीने आणखी एकदा विभाजित व्हावे की थांबावे, फाटे किती निघावेत, काटे किती असावेत, पेशी जगावी की मरावी, या सर्व गोष्टींवर संप्रेरकांचा परिणाम होतो. थायरॉइडचे संप्रेरक आणि इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल यांसारखी स्टेरॉइडे पेशीच्या आत जाऊन ग्राही प्रथिनांशी (संप्रेरक ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांशी) जोडली जातात आणि ठरावीक जनुकांचे काम वाढवतात किंवा कमी करतात. या मार्गाने होणारा परिणाम दिसण्यास काही तास ते काही दिवस लागतात. इन्सुलिनचा ग्राही मात्र पेशीच्या पृष्ठभागावर असतो. इस्ट्रोजेनचे काही परिणाम मिनिटांत दिसतात, त्यामुळे त्याचेही काही काम पेशीपटलावरून होते असे मानले जाते.

ज्या डिशमध्ये संप्रेरक घातलेले नाही, ती डिश संप्रेरकमुक्त असते ना?

बहुतेक वेळा नसते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो विचारलाच जात नाही, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

पेशी नुसत्या क्षार आणि साखरेवर जगत नाहीत. पूर्वापार त्यांना गायीच्या गर्भाचे सिरम देतात, आणि ते सिरम म्हणजे रक्ताचाच भाग असल्यामुळे त्यात थायरॉइडची संप्रेरके, स्टेरॉइडे, इन्सुलिनसारखे वाढघटक असे सर्व काही असते. शिवाय त्यांचे प्रमाण प्रत्येक लॉटमध्ये वेगळे असते. म्हणजे ‘संप्रेरक न दिलेली’ म्हणून तुलनेसाठी ठेवलेली डिशही प्रत्यक्षात संप्रेरकातच बुडालेली असते, फक्त ते किती आहे हे कोणी मोजलेले नसते.

यावर १९७९ मध्ये जेन बॉटेनस्टाइन आणि गॉर्डन सातो यांनी सिरमविरहित मिश्रण मांडले. इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, प्रोजेस्टेरॉन, प्युट्रेसिन आणि सेलेनियम असे पाच घटक ठरावीक प्रमाणात घेतले की चेतापेशीसारख्या पेशी सिरमविना वाढतात, हे त्यांनी दाखवले. एन-२ या नावाने हे मिश्रण आजही विकत मिळते. या पाचांतली दोन संप्रेरकेच आहेत, याकडे लक्ष द्यावे. प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण २० नॅनोमोलर असते, तर इन्सुलिन दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे उपाशीपोटी रक्तात असते त्याच्या हजारो पटींनी जास्त. इतक्या मात्रेत इन्सुलिन आपल्या स्वतःच्या ग्राहीबरोबरच इन्सुलिनसदृश वाढघटक-१ च्या ग्राहीवरही काम करते. पुढे १९९३ मध्ये ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी न्यूरोबेसल मीडियम (पेशींचे पोषक द्रावण) आणि त्यात घालायचे बी-२७ हे मिश्रण यांची जोडी पुढे आणली, आणि हिप्पोकॅम्पसच्या पेशींसाठी आता तीच सर्वाधिक वापरली जाते. बी-२७ मध्ये इन्सुलिन आहे, प्रोजेस्टेरॉन आहे, कॉर्टिकोस्टेरॉन (रॅटमधील ताणाचे संप्रेरक) आहे आणि थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरकसुद्धा आहे. एखाद्या विद्यार्थ्याने बी-२७ असलेल्या मीडियममध्ये वरून टी-३ घातले आणि काहीच फरक दिसला नाही, तर ‘टी-३ चा चेतापेशींवर परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष काढणे पूर्णपणे चुकीचे ठरेल, कारण तुलनेच्या डिशलाही ते आधीच मिळालेले असते.

मीडियमचा लालसर रंगसुद्धा निर्दोष नाही. तो फिनॉल रेड या दर्शकाचा असतो आणि आम्लता वाढली की पिवळा पडतो, म्हणून तो सोयीचा. १९८६ मध्ये असे आढळले की या रंगासह येणाऱ्या मीडियममध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन मिळाल्यासारख्या वाढतात. नंतर हा गुण मुख्यतः रंगातील अशुद्ध द्रव्यांचा असल्याचे समजले. म्हणून इस्ट्रोजेनचा अभ्यास करताना फिनॉल रेड नसलेले मीडियम घ्यावे लागते. सिरम वापरायचेच असेल तर कोळशाची प्रक्रिया करून त्यातील स्टेरॉइडे काढून टाकतात. मात्र कोळसा स्टेरॉइडांसोबत इतरही काही उपयुक्त द्रव्ये शोषून घेतो, त्यामुळे प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या सिरममधील फरक केवळ स्टेरॉइडांचा आहे असे म्हणता येत नाही.

मेंदूच्या वाढीसाठी थायरॉइडचे संप्रेरक इतके महत्त्वाचे का मानतात?

कारण ते पेशीला वेळ सांगते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रॅटच्या दृष्टिचेतेतून काढलेल्या पूर्वपेशींचे आहे. अक्षतंतूंभोवती मायलिनचे आवरण गुंडाळणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी या पूर्वपेशींपासून तयार होतात. योग्य वाढघटक दिला आणि थायरॉइडचे संप्रेरक वगळले, तर या पूर्वपेशी डिशमध्ये नुसत्या विभाजित होत राहतात आणि पुढच्या अवस्थेत फारशा जात नाहीत; संप्रेरक मिळाले की विभाजन थांबवून त्या ऑलिगोडेंड्रोसाइट होऊ लागतात. बेन बॅरेस, मिचेल लझार आणि मार्टिन रॅफ यांनी हे काम १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. जन्मजात थायरॉइड कमतरता असलेल्या बाळांत मायलिन उशिरा का तयार होते, हे त्यामुळे पेशीच्या पातळीवर समजू शकले.

अनुमस्तिष्कातील (मागच्या लहान मेंदूतील) पुर्किंजे पेशींची गोष्ट वेगळी आहे. संवर्धनात टी-३ नसेल तर या पेशी मरत नाहीत, पण त्यांच्या वृक्षिकांचा पसारा खुरटा राहतो. टी-३ मिळाल्यावर त्याच पेशींना भरघोस फांद्या फुटतात. एकच रेणू एका पेशीला विभाजन थांबवायला लावतो आणि दुसरीला फांद्या फोडायला लावतो, आणि दोन्ही ठिकाणी तो मिळण्याची वेळ चुकली तर मात्रा वाढवून ती भरपाई पूर्णपणे होत नाही.

प्रयोगात टी-४ वापरावे की टी-३?

डिशमध्ये कोणत्या पेशी आहेत, यावर ते अवलंबून आहे. अवटू ग्रंथी (म्हणजेच थायरॉइड) मुख्यतः टी-४ तयार करते, पण जनुकांवर काम करणारे रूप टी-३ आहे. मेंदूत टी-४ चे टी-३ करणारा डीआयोडिनेज-२ हा विकर प्रामुख्याने अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींत (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत) असतो, चेतापेशींत नव्हे. त्यामुळे जवळपास केवळ चेतापेशी असलेल्या संवर्धनात टी-४ घालून टी-३ सारख्या परिणामाची अपेक्षा करता येत नाही, तर मिश्र संवर्धनात ती करता येते. शिवाय पेशीत शिरण्यासाठी या संप्रेरकाला एमसीटी-८ सारखे वाहक लागतात. या वाहकाच्या जनुकात दोष असलेल्या मुलग्यांत रक्तात टी-३ जास्त असूनही मेंदूची वाढ गंभीरपणे खुंटते.

मग आयोडीनयुक्त मिठाचा याच्याशी थेट संबंध आहे का?

आहे. टी-४ च्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, टी-३ मध्ये तीन. बाळाची स्वतःची अवटू ग्रंथी गर्भारपणाच्या साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि पुरेसे संप्रेरक तयार करण्यास तिला आणखी काही आठवडे लागतात. तोपर्यंत बाळाच्या मेंदूला मिळणारे संप्रेरक आईचेच असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी रोज १५० आणि गरोदर महिलांसाठी २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवले आहे. भारतात १९५६ पासून कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण कमी होते हे दिसले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आपल्याकडे उपवासाला शेंदेलोण वापरण्याची पद्धत आहे. उपवासापुरते ते वापरण्यास हरकत नाही, परंतु हल्ली ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकातही तेच किंवा साधे खडे मीठ घेतले जाते, आणि घरात गरोदर बाई असताना असे करणे मला फार चिंतेचे वाटते, कारण त्यांत आयोडीन नगण्य असते. आयोडीनयुक्त मीठ झाकणबंद बरणीत, चुलीच्या उष्णतेपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवावे.

गरोदरपणात थायरॉइडच्या गोळीबरोबर लोहाच्या आणि कॅल्शिअमच्या गोळ्याही दिल्या आहेत. सर्व एकत्र घेतल्या तर चालतात का?

चालत नाहीत. लोह आणि कॅल्शिअम यांच्यामुळे थायरॉइडची गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि बाकीच्या दोन्ही गोळ्या तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्याव्यात.

स्त्री आणि पुरुष संप्रेरकांचा चेतापेशींवर वेगळा परिणाम होतो का?

१९७६ मध्ये डॉमिनिक टोरान-अॅलरँड यांनी नवजात उंदराच्या हायपोथॅलॅमसचे काप संवर्धनात ठेवून त्यांना इस्ट्रॅडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन दिले. कापांच्या काही विशिष्ट भागांतून चेतापेशींचे फाटे दाट निघाले आणि बाकीच्या भागांत तसे काही झाले नाही. संप्रेरक सगळीकडे सारखेच पोहोचले होते. प्रतिसाद मात्र त्याचे ग्राही असलेल्या भागांनीच दिला.

उंदरांच्या मेंदूत टेस्टोस्टेरॉनचे अॅरोमॅटेज या विकराने इस्ट्रॅडायॉल होते आणि नराच्या मेंदूची घडण बऱ्याच अंशी या इस्ट्रॅडायॉलमुळे होते. हे ऐकून विद्यार्थी हमखास विचारतात की, मग आईच्या रक्तातील इस्ट्रोजेनने मादी पिल्लाच्या मेंदूतही तेच का होत नाही. पिल्लाच्या रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन ते इस्ट्रोजेन पकडून ठेवते आणि मेंदूत जाऊ देत नाही. माणसातील अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रोजेनला असे बांधत नाही.

प्रौढ मेंदूतही इस्ट्रोजेनचे काम चालू असते. १९९० मध्ये कॅथरिन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि ब्रूस मॅकइवेन यांनी मादी रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधील वृक्षिकांवरचे काटे मासिक चक्रासारख्या चक्रात काही दिवसांत कमी-जास्त होतात असे दाखवले. १९९६ मध्ये मर्फी आणि सेगल यांनी संवर्धनातील पेशींना इस्ट्रॅडायॉल देऊन काट्यांची ही वाढ डिशमध्ये घडवून आणली. पुढच्या कामातून दिसले की, इस्ट्रॅडायॉल आधी शेजारच्या दाब ठेवणाऱ्या चेतापेशींचे काम कमी करते आणि दाब सुटल्यामुळे बाकीच्या पेशींवर काटे वाढतात. जिवंत प्राण्यात हा आडमार्ग शोधून काढणे फार अवघड गेले असते.

उंदराच्या पेशींवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढता येतो का?

जपून काढावा लागतो. २०१३ मध्ये मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिच यांनी मानवी मूलपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे लहान गोळे, म्हणजे ऑर्गनॉइड, तयार करण्याची पद्धत दिली. २०२२ मध्ये लँकेस्टर यांच्या गटाने अशा ऑर्गनॉइडना संप्रेरके दिली, तेव्हा बाह्यकाच्या पूर्वपेशींची संख्या अँड्रोजेनने वाढली. इस्ट्रॅडायॉलने तसे झाले नाही. उंदराच्या बाबतीत इतकी वर्षे जे इस्ट्रॅडायॉलचे काम म्हणून शिकवले गेले, त्याची नक्कल माणसाच्या मेंदूत होईलच असे यापुढे गृहीत धरता येणार नाही. ऑर्गनॉइडलाही रक्तवाहिन्या नसतात, वार नसते आणि आई नसते, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी.

आमच्या भागात सोयाबीन भरपूर पिकते. त्यातील इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांमुळे मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो का?

सोयाबीनमधील जेनिस्टीन हे द्रव्य इस्ट्रोजेनच्या ग्राहीशी, विशेषतः बीटा प्रकाराशी, जोडले जाते आणि डिशमध्ये त्याचा परिणाम दिसतो, हे खरे आहे. परंतु डिशमध्ये ते शुद्ध स्वरूपात आणि थेट पेशीवर दिले जाते, तर खाल्लेल्या जेनिस्टीनचा बहुतांश भाग आतडे आणि यकृत यांतून जाताना दुसऱ्या रेणूंना जोडला जाऊन निष्प्रभ होतो. जेवणात सोयाबीनची चटणी किंवा वड्या असल्याने घाबरण्याचे कारण नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मात्र सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या लगेच मागेपुढे खाऊ नयेत, कारण त्यानेही गोळीचे शोषण कमी होते.

ताणाच्या संप्रेरकाने चेतापेशी मरतात, हे खरे आहे का?

हे वाक्य अर्धेच खरे आहे. रॅटची अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथी) काढून टाकली आणि कॉर्टिकोस्टेरॉन पूर्ण बंद झाले, तर हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस भागातील पेशी मरू लागतात. म्हणजे थोडे कॉर्टिकोस्टेरॉन जगण्यासाठीच लागते, आणि बी-२७ मध्ये ते असते. दुसऱ्या टोकाला, १९८८ मध्ये रॉबर्ट सापोल्स्की आणि सहकाऱ्यांनी संवर्धनात दाखवले की, जास्त कॉर्टिकोस्टेरॉन मिळालेल्या पेशींना त्यानंतर दुसरा आघात सोसवत नाही आणि त्या अधिक संख्येने मरतात. कमी मात्रेत घट्ट जोडला जाणारा एक ग्राही आणि मात्रा वाढल्यावर भरणारा दुसरा, असे दोन ग्राही असल्यामुळे हे घडते.

अकाली प्रसूतीची शक्यता असताना आईला दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दलही याच संदर्भात विचारले जाते. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीपासून हे इंजेक्शन अकाली जन्मणाऱ्या बाळांची फुप्फुसे तयार करते आणि जीव वाचवते हे सिद्ध झाले आहे. डिशमधील परिणाम वाचून ते नाकारू नये. गरज नसताना ते पुन्हा पुन्हा देऊ नये, एवढाच त्या प्रयोगांचा इशारा आहे आणि डॉक्टरही तो पाळतात.

चेतावाढघटक (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) हे संप्रेरक आहे का?

रूढ अर्थाने नाही, कारण ते ग्रंथीतून रक्तात सोडले जाऊन दूर जात नाही, तर चेतातंतू जिथे पोहोचतात तेथील ऊतीतून मिळते. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना त्यासाठी १९८६ चे नोबेल मिळाले.

मराठवाड्यातील महाविद्यालयात असा प्रयोग करता येईल का?

भ्रूणातील पेशी काढण्यासाठी प्राणीगृह आणि प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते, त्यामुळे पदव्युत्तर प्रकल्पासाठी पेशीवंशापासून (डिशमध्ये सतत वाढत राहणाऱ्या तयार पेशींपासून) सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून असे पेशीवंश मिळू शकतात. पीसी-१२ हा पेशीवंश चेतावाढघटक दिल्यावर फाटे काढतो, पण तो मेंदूतला नसून रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतला आहे, हे अहवालात लिहावे. एसएच-एसवाय-५वाय हा मानवी न्यूरोब्लास्टोमातून (चेतापेशींच्या कर्करोगातून) आलेला आहे.

खरी अडचण उन्हाळ्यात येते. साध्या इन्क्युबेटरला तापवता येते, गार करता येत नाही. मे महिन्यात परभणीत किंवा नांदेडला पारा ४२ अंशांवर जातो, दुपारी वीज जाते, खोलीतील एसी बंद पडतो आणि इन्व्हर्टरवर चालू असलेला इन्क्युबेटर हीटर बंद असूनही आतून ३९-४० अंशांवर पोहोचतो. पडद्यावरचा आकडा संध्याकाळपर्यंत पुन्हा ३७ होतो आणि दुपारी काय झाले याची नोंद कोठेच राहत नाही. उष्णतेच्या धक्क्याने पेशींत वेगळी प्रथिने तयार होतात, आणि स्टेरॉइडांचे ग्राही याच प्रथिनांच्या कुळातील एचएसपी-९० ला धरून राहत असल्यामुळे संप्रेरकाच्या प्रयोगात हा दोष थेट निकालात उतरू शकतो. म्हणून कमाल-किमान तापमापी इन्क्युबेटरच्या आत ठेवावा आणि एसीलाही जनरेटरची जोड द्यावी. ते शक्य नसेल तर प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावा. बोअरचे पाणी जड असल्याने ऊर्ध्वपातन यंत्रात क्षारांची पुटे चढतात. मीडियमसाठी पेशीसंवर्धनाच्या दर्जाचे पाणी विकतच घ्यावे.

तुलनेसाठी किती प्रकारच्या डिश ठेवाव्यात?

किमान तीन प्रकारच्या. स्टेरॉइडे पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती इथेनॉलमध्ये विरघळवून देतात. टी-३ सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळते. त्यामुळे काहीच न दिलेली एक डिश, तेवढेच नुसते द्रावक दिलेली दुसरी आणि द्रावकासह संप्रेरक दिलेली तिसरी अशी मांडणी लागते. शक्य असल्यास चौथ्या प्रकारात संप्रेरकासोबत त्याचा ग्राही अडवणारे औषध द्यावे. तेथे परिणाम नाहीसा झाला, तर तो त्या ग्राहीमार्फतच होत होता असे म्हणण्यास आधार मिळतो. स्टेरॉइडे प्लास्टिकला चिकटतात, म्हणून नळीत तयार केलेली मात्रा आणि पेशीपर्यंत पोहोचलेली मात्रा सारखी असेलच असे नाही. प्रत्येक डिशवर सिरमचा लॉट क्रमांक, मिश्रणाचे नाव आणि पेशी सोडल्यानंतरचा दिवस लिहून ठेवावा.